प्रकार विषयाचा नव्हे, प्रश्नाचा

मुलुंड किंवा घाटकोपर स्टेशनाबाहेर पडून बाजाराच्या रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरील पाट्यांकडे सहज लक्ष जातें. एके काळीं तेथें टंकलेखनाच्या आणि लघुलेखनाच्या वर्गांच्या पाट्या असत. आतां त्यांच्या जागीं ‘आयेल्ट्स’, ‘टोफेल’, ‘पीटीई’ अशीं नांवें आलीं आहेत. अंधेरी-बोरिवलीकडेही तोच देखावा. परदेशीं शिकावयास किंवा नोकरीस जाणाऱ्यानें आपणांस इंग्रजी येतें हें सिद्ध करण्यासाठीं द्यावयाच्या ह्या परीक्षा होत. त्यांतील ज्या भागाविषयीं विद्यार्थ्यांच्या मनांत सर्वांत अधिक धास्ती आणि सर्वांत अधिक गैरसमज आढळतात, तो भाग निबंधाचा. असल्या लेखनाकडे टीकाकारानें पाहूं नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तो मला पटत नाहीं. दहा रसिकांनीं वाचलेल्या ललितनिबंधाची आपण पानेंच्या पानें चिकित्सा करतों. मग ज्या दोनअडीचशें शब्दांवर एखाद्या घराचें पुढील दहा वर्षांचें गणित अवलंबून असतें, ते शब्द टीकेच्या कक्षेबाहेर कां ठेवावेत?

ह्या विषयाकडे माझें लक्ष वळलें त्याला एक निमित्त घडलें. गेल्या पावसाळ्यांत बोरिवलीस राहणारी, एका रुग्णालयांत परिचारिका असलेली एक तरुणी माझ्याकडे आली. आमच्या शेजाऱ्यांची ती भाची. दहावीपर्यंतचें शिक्षण मराठी शाळेंत, पुढील परिचर्येचा अभ्यासक्रम इंग्रजींतून. तिला इंग्लंडांत नोकरीस जावयाचें होतें. तेथें परिचारिकांची नोंदणी करणारी संस्था आयेल्ट्स परीक्षेंत श्रवण, वाचन आणि संभाषण ह्या तीन विषयांत 7 आणि लेखनांत 6.5 बँड मागते. लेखनाची अटही पूर्वीं 7 चीच होती. डिसेंबर 2018 पासून ती अर्ध्या बँडानें उतरविण्यांत आली. ह्या तरुणीनें परीक्षा दोनदां दिली होती. बाकीच्या तिन्ही विषयांत ती पार पडली. लेखनांत मात्र दोन्ही वेळां 6 वरच अडली. अर्ध्या बँडानें गेलेल्या प्रत्येक वेळेमागें परीक्षेची भली मोठी फी होती, आणि घरीं बापाच्या निवृत्तीला दोन वर्षें उरलीं होतीं.

तिनें क्लासमधील एक सराव-निबंध माझ्यापुढें ठेवला. प्रश्न असा होता : ‘अनेक देशांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या वाढत आहे. ह्याचीं कारणें कोणतीं ? ही अडचण दूर करण्यासाठीं काय करतां येईल ?’ तिच्या उत्तराचें व्याकरण ठीक होतें, शब्द भारदस्त होते, परिच्छेद चार होते. परंतु निबंध होता एकत्र कुटुंबाच्या फायद्यातोट्यांवर ! मध्येंच एका परदेशी विद्यापीठाच्या पाहणीचा हवाला होता, आणि शेंकडा 78 असा एक आंकडा होता. मीं विचारलें, “ही पाहणी कोठें वाचलीस ?”

“कोठेंच नाहीं, सर. आंकडा घातला कीं उदाहरण दिल्यासारखें होतें, असें क्लासमध्यें सांगितलें आहे.”

“तुझ्या वॉर्डांत एकटे राहणारे वृद्ध येतात का ?”

मग ती पाव तास बोलत होती. मुलगा परदेशीं, सून परदेशीं. घरीं जाण्याची परवानगी मिळाल्यावर पिशवी भरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहिलेले एक आजोबा. औषधांच्या वेळा लिहून दिल्या तरी त्या वाचून दाखवावयास घरांत कोणी नाहीं, म्हणून महिन्याच्या आंत पुन्हा दाखल झालेल्या एक आजी. कारणें आणि उपाय दोन्ही तिच्या बोलण्यांत होते. “हें कां लिहिलें नाहींस ?” असें मीं विचारतांच ती म्हणाली, “असलें लिहिलेलें चालतें का, सर ?”

ह्या एका वाक्यांत आपल्या निबंधशिक्षणाचा सारा इतिहास आहे, आणि त्याचा दोष केवळ स्टेशनाजवळच्या क्लासवर ढकलून मोकळें होतां येणार नाहीं.

आपल्या शाळांतून निबंधाचे प्रकार शिकवितात ते वर्णनात्मक, कल्पनात्मक, आत्मवृत्तात्मक, वैचारिक असे. ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ आला कीं वर्णन, ‘फाटक्या पुस्तकाचें आत्मवृत्त’ आलें कीं आत्मवृत्त, ‘मी पंतप्रधान झालों तर’ आलें कीं कल्पना. येथें विषयाचें नांव वाचलें कीं प्रकार ठरतो, आणि प्रकार ठरला कीं मार्गदर्शकांतील पाठ केलेला निबंध बाहेर काढतां येतो. तीसएक वर्षें शिकवितांना मीं स्वतः असे निबंध विद्यार्थ्यांना लिहून दिले आहेत. तेव्हां ह्या पापांत माझाही वांटा आहे. अशा शिक्षणांत वाढलेला विद्यार्थी इंग्रजी परीक्षेच्या प्रश्नांत प्रथम काय शोधतो ? विषय ! ‘वृद्ध’ हा शब्द दिसला, ‘एकटे’ हा शब्द दिसला, कीं हात आपोआप एकत्र कुटुंबाकडे वळतो. प्रश्नाचें शेवटचें वाक्य डोळ्यांखालून जातें, पण मनांत उतरत नाहीं. वास्तविक ह्या परीक्षांतील निबंधाचा प्रकार विषयावरून मुळींच ठरत नाहीं. तो त्या शेवटच्या वाक्यावरून ठरतो. प्रकार विषयाचा नसतो, प्रश्नाचा असतो. माझें सारें म्हणणें एवढेंच आहे. पण तें उदाहरणानें पटवून दिलें पाहिजे.

प्रथम परीक्षेचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. आयेल्ट्सच्या लेखनाला साठ मिनिटें मिळतात आणि दोन प्रश्न असतात. पहिला दीडशें शब्दांचा; विद्याभ्यासासाठीं जाणाऱ्यांना त्यांत आलेख किंवा कोष्टक वाचून दाखवावें लागतें, इतरांना पत्र लिहावें लागतें. दुसरा निबंधाचा. तो किमान 250 शब्दांचा, त्याला चाळीस मिनिटें द्यावीं अशी सूचना, आणि त्याचें वजन पहिल्याच्या दुप्पट. निबंध चार कसोट्यांवर सारख्याच भारानें तपासतात : प्रश्नाला उत्तर मिळालें कीं नाहीं, मांडणी सुसंगत आहे कीं नाहीं, शब्दसंपत्ति कशी आहे, व्याकरण कसें आहे. म्हणजे भाषा कितीही निर्दोष असली तरी, विचारलें एक आणि सांगितलें दुसरें असें झाल्यास, एक चतुर्थांश भागाला सुरुवातीलाच ओहोटी लागते. निबंधाचे जे पांच प्रकार क्लासमध्यें शिकवितात, त्यांचीं नांवें प्रश्नपत्रिकेवर छापलेलीं नसतात. शिक्षकांनीं सोयीसाठीं पाडलेले ते प्रकार आहेत. परंतु सोय वाईट नाहीं, ती कशासाठीं आहे हें विसरणें वाईट.

आतां एकच विषय घेऊं. उपनगरांत राहणाऱ्या कोणाही वाचकाला तो परका वाटणार नाहीं : जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच टॉवर बांधणें. ह्या एका विषयावर पांच निरनिराळे प्रश्न मीं नमुन्यादाखल रचले आहेत.

पहिला : ‘जुन्या इमारती दुरुस्त करण्यापेक्षां पाडून नव्या बांधणेंच श्रेयस्कर होय. हें मत तुम्हांस कितपत मान्य आहे ?’ येथें लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें आहे. त्याचें स्वतःचें मत हवें, तें आरंभीं कळलें पाहिजे आणि शेवटपर्यंत टिकलें पाहिजे. ‘कितपत’ हा शब्द येथें महत्त्वाचा. ‘पाया खचला असेल तेथें मान्य, एरवीं अमान्य’ असें मर्यादित मत देण्यास पूर्ण मोकळीक आहे. परंतु मर्यादा घालणें निराळें आणि घुटमळणें निराळें.

दुसरा : ‘पुनर्विकासानें रहिवाशांचें जीवन सुधारतें असें कांहींचें मत आहे, त्यानें शेजार नाहींसा होतो असें इतर म्हणतात. दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचें मत द्या.’ येथें तीन कामें आहेत. दोन दुसऱ्यांच्या मतांना न्याय द्यावयाचा आणि मग तिसरें आपलें सांगावयाचें. आपल्याला न पटणारें मत येथें अशा रीतीनें मांडलें पाहिजे कीं तें मानणाऱ्यानेंही ‘होय, माझें म्हणणें असेंच आहे’ असें म्हणावें.

तिसरा : ‘उपनगरांत टॉवर वाढत आहेत. ह्यापासून होणारे फायदे तोट्यांहून अधिक आहेत काय ?’ हा तराजूचा प्रश्न. दोन पारड्यांत वस्तु टाकून भागत नाहीं. कांटा कोणीकडे झुकला तें सांगावें लागतें. केवळ ‘फायदे-तोटे कोणते ?’ एवढेंच विचारलें असेल तर निवाडा मागितलेला नसतो. एका शब्दाच्या अंतरानें संबंध निबंधाचा शेवट बदलतो तो असा.

चौथा : ‘अनेक शहरांत जुन्या इमारती धोकादायक स्थितींत आहेत. ह्याचीं कारणें कोणतीं व त्यावर उपाय कोणते ?’ हें वैद्याचें काम : निदान आणि चिकित्सा. येथें पुष्कळांची एक चूक होते. कारणें सांगतात तीं निराळीं आणि उपाय सांगतात ते निराळे. दुरुस्तीचा निधि वर्षानुवर्षें गोळा झाला नाहीं हें कारण असेल, तर ‘जनजागृति करावी’ हा त्याचा उपाय होत नाहीं. निदान पित्ताचें आणि औषध खोकल्याचें, अशांतली ती गत.

पांचवा : ‘लोक राहतें घर सोडावयास नाखूष कां असतात ? अशा बदलाचें नियोजन कोणीं करावें ?’ दोन सरळ प्रश्न. दोन सरळ उत्तरें. दोघे पाहुणे दारीं आले असतां एकाशींच बोलत बसण्याचा उद्धटपणा येथें टाळावयाचा. दोहोंना सारखी जागा देणें हेंच येथील कौशल्य.

विषय एकच होता. पण पाठ केलेला एकच निबंध ह्या पांचांतल्या चारांना तरी चुकीचें उत्तर ठरला असता. ज्यांनीं एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको. सचिव विचारतात, ‘घरभाडें किती महिने मिळावें ?’ आणि सभासद उठून इमारत कोणत्या सालीं बांधली तें सांगतात. वक्तृत्वाला तोटा नसतो. उत्तर तेवढें नसतें.

कोणी म्हणेल, हे सारे साहेबाच्या परीक्षेचे सांचे. आपल्याला त्यांचें काय? मला हे प्रकार परके वाटत नाहींत. मीमांसकांनीं एखाद्या अधिकरणाचा विचार कसा करावा हें सांगतांना विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अशा पायऱ्या लावून दिल्या. विषय आणि संशय ह्या दोन गोष्टी त्यांनीं निराळ्या मानल्या, हें पाहण्यासारखें आहे. नुसता विषय पुढें आल्यानें विचार सुरू होत नाहीं. त्या विषयांत नेमकी शंका कोणती, हें ठरल्यावर तो सुरू होतो. आमच्या परिचारिकेला विषय दिसला होता, संशय दिसला नव्हता. आणि पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्याखेरीज सिद्धांताला किंमत नाहीं, हा जो आपल्या शास्त्रकारांचा दंडक, तोच त्या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत मागितलेला आहे.

‘निबंध’ ह्या शब्दाची कुळकथाही येथें उपयोगी पडते. मूळ संस्कृतांत त्याचा अर्थ बांधणें; धर्मशास्त्रांतील निबंधग्रंथ म्हणजे विखुरलेल्या वचनांची नीट बांधलेली मोट. उलट 1580 सालीं फ्रान्सांत माँतेन्यनें आपल्या लेखनाला जें नांव दिलें त्याचा अर्थ होतो प्रयत्न, चांचणी. 1597 मध्यें बेकननें तेंच नांव इंग्रजींत आणलें. 1874 सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हां हे दोन प्रवाह मराठींत एकत्र आले. इंग्रजी विद्या घेतलेल्या त्या लेखकानें सात वर्षांत चौऱ्यायशीं अंक काढले. त्यांतील मतें आज अनेकांना पटणार नाहींत, पण आपण कोणत्या प्रश्नाला उत्तर देत आहों ह्याविषयीं लेखक गोंधळला आहे, असें म्हणण्याची सोय शास्त्रीबोवांनीं सहसा ठेवलेली नाहीं. परीक्षेंतील निबंध हा माँतेन्यच्या वंशांतला नव्हे. त्याला भटकण्यास वेळ नाहीं. तो बांधणीचा निबंध आहे. आणि बांधणीच्या निबंधाची प्रतिष्ठा आपल्याकडे जुनी आहे.

आतां त्या तयार वाक्यांविषयीं. क्लासमध्यें एक सांगाडा पाठ करून घेतात : पहिलें वाक्य ठराविक, परिच्छेदांचीं तोंडें ठराविक, शेवट ठराविक, मधल्या रिकाम्या जागीं विषयाचें नांव भरावयाचें. ह्यानें भित्र्या विद्यार्थ्याला धीर येतो हें मी नाकारीत नाहीं. लिहावयास बसल्यावर पहिलीं पांच मिनिटें ज्याचा हात थरथरतो, त्याला चार वाक्यें पाठ असणें म्हणजे काठीचा आधार. परंतु काठी पायांच्या जागीं बसवितां येत नाहीं. परीक्षकांसाठींचे जे निकष प्रसिद्ध झालेले आहेत, त्यांत पूर्णतः पाठ केलेलें उत्तर असल्याचें सिद्ध झाल्यास शून्य द्यावें असें सांगितलें आहे. जोडशब्दांबद्दल तर तेथें फार मार्मिक दृष्टि आहे : सर्वोच्च श्रेणीच्या लेखनांत वाक्यांची जोडणी अशी असावी कीं तिच्याकडे क्वचितच लक्ष जावें. इकडे आमचा विद्यार्थी प्रत्येक वाक्याच्या कपाळीं ‘शिवाय’, ‘तथापि’, ‘परिणामीं’ ह्यांचे इंग्रजी टिळे लावीत सुटतो ! शिंप्यानें टांके दिसूं नयेत म्हणून झटावें, आणि गिऱ्हाईकानें टांके मोजून पैसे द्यावे, असा हा प्रकार.

काल्पनिक पाहणीचा आंकडा हा याहून गंभीर दोष. परीक्षक सत्यासत्य तपासावयास बसलेला नसतो, त्यामुळें असा आंकडा बहुधा खपून जातो, हें खरें. परंतु ज्या मुलीनें उद्यां रोग्याच्या तक्त्यावर नाडीचा आणि तापाचा आंकडा लिहावयाचा आहे, तिला आज आपण मनचा आंकडा लिहावयास शिकवितों, ह्याची कोणाला खंत वाटूं नये ? आणि त्याची गरजही नाहीं. आपल्या माहितींतील किंवा अनुभवांतील उदाहरणें द्या, अशी सूचना त्याच प्रश्नाखालीं छापलेली असते. ‘असलें लिहिलेलें चालतें का ?’ ह्या प्रश्नाचें उत्तर प्रश्नपत्रिकेनेंच देऊन ठेवलें होतें.

येथवर मीं परीक्षेची बाजू घेतली. आतां तिच्यावरचा आक्षेपही मांडला पाहिजे, नाहींतर पूर्वपक्षाच्या माझ्या उपदेशाला अर्थ उरणार नाहीं. परिचारिकेला वॉर्डांत लागणारें इंग्रजी आणि टॉवरच्या फायद्यातोट्यांवर मत देण्याचें इंग्रजी ह्यांचा संबंध काय ? चाळीस मिनिटांत बनविलेल्या मताला मत म्हणावें का ? हे आक्षेप पोकळ नाहींत. आरोग्यसेवकांसाठीं ओईटी नांवाची निराळी परीक्षा आहे. तिच्यांत रोग्याच्या टिपणांवरून पत्र लिहावें लागतें, आणि इंग्लंडांतील ती नोंदणीसंस्था हीही परीक्षा मान्य करते. म्हणजे आक्षेपाची दखल घेतली गेली आहे. टोफेलमध्यें 2005 पासून इंटरनेटवरील परीक्षेंत असलेला अर्ध्या तासाचा स्वतंत्र निबंध जुलै 2023 मध्यें काढून टाकण्यांत आला, आणि त्याच्या जागीं वर्गांतील चर्चेंत भर घालणारें दहा मिनिटांचें, शंभर शब्दांचें लहानसें लेखन आलें. पीटीईचा निबंध वीस मिनिटांत दोनशें ते तीनशें शब्दांचा आहे. सारांश, प्रकार येतात आणि जातात. ज्यानें केवळ प्रकारांचे सांचे पाठ केले, त्याचें भांडवल परीक्षामंडळाच्या एका बैठकींत बुडूं शकतें. ज्यानें प्रश्न वाचण्याची संवय लावून घेतली, त्याचें बुडत नाहीं; कारण दुसऱ्यानें नेमकें काय विचारलें तें ऐकून तेवढ्यालाच उत्तर देणें, हें कोणत्याही परीक्षेंत, रोग्याच्या खाटेशीं आणि सोसायटीच्या सभेंतही लागतेंच. निबंधाचा विषय वॉर्डापासून दूर असेल. निबंध ज्या शिस्तीची मागणी करतो ती शिस्त दूर नाहीं.

म्हणून घरांत असा परीक्षार्थी असलेल्या पालकांना माझी एकच विनंति आहे. मुलाला निबंध पाठ करावयास बसवूं नका. एक प्रश्न पुढें ठेवा आणि त्याला एवढेंच विचारा : ‘ह्यांत तुला काय काय करावयास सांगितलें आहे ?’ मत द्यावयाचें आहे, दोन बाजू मांडावयाच्या आहेत, तोलावयाचें आहे, कारण शोधावयाचें आहे, कीं दोन प्रश्नांना दोन उत्तरें द्यावयाचीं आहेत ? हें त्यानें मराठींत सांगितलें तरी चालेल. किंबहुना मराठींतच सांगूं द्या. जें मातृभाषेंत स्पष्ट कळलें नाहीं तें परभाषेंत स्पष्ट लिहितां येईल, ही आशा व्यर्थ आहे. चाळीसपैकीं पहिलीं पांच मिनिटें ह्यांत गेलीं तर तीं वांया गेलीं असें समजूं नये.

परवां ती तरुणी पुन्हा आली होती. तोच वृद्धांचा प्रश्न तिनें नव्यानें लिहून आणला होता. पिशवी भरून बसलेले ते आजोबा पहिल्या कारणाच्या परिच्छेदांत आले होते, औषधांच्या वेळा वाचून दाखविण्याची सोय उपायाच्या परिच्छेदांत होती, आणि शेंकडा 78 कोठेंही नव्हते. दोन ठिकाणीं क्रियापदाचें रूप चुकलें होतें. तें मीं दुरुस्त केलें. तिसऱ्या खेपेचा निकाल अजून यावयाचा आहे, आणि तो काय येईल हें मला सांगतां येत नाहीं. परंतु विचारलेल्या प्रश्नाला तिचें स्वतःचें उत्तर असलेला तो तिचा पहिला निबंध होता, एवढें मी खात्रीनें सांगूं शकतों.